दोन चाकांचे होडेकर मास्तर

होडेकर मास्तरांना ग्रीसची किळस नव्हती. माशाच्या आतड्यांची नव्हती, तुंबलेल्या मोरीत कोपरापर्यंत हात घालण्याचीही नव्हती. पण एखाद्या विद्यार्थ्याने स्वतः कानस न मारता बाजारातून तयार जॉब आणून त्यांच्या टेबलावर ठेवला, की ताटात कुणी मेलेला उंदीर वाढल्यासारखा त्यांचा चेहरा होई. दोन बोटांच्या चिमटीत तो लोखंडी तुकडा धरून ते नाकाजवळ नेत.

"ह्याला वास येतो."

"कसला, सर?"

"दुसऱ्याच्या घामाचा."

आणि तुकडा खिडकीबाहेर. वर्कशॉपच्या खिडकीखाली अशा तुकड्यांचा गंजका ढीग साचलेला असे. शिपायाने तो एकदा उचलायला घेतला, तर मास्तर म्हणाले, "राहू दे. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू दे, आम्ही हितं काय शिकवतो."

मी अठ्ठ्याण्णव साली रत्नागिरीच्या त्या तांत्रिक संस्थेत ड्रॉइंग शिकवायला लागलो, तेव्हा होडेकरांनी पन्नाशी ओलांडली होती. अंगाने सडपातळ, दाढीला मेंदी, शर्टाच्या खिशात मापं घ्यायचा व्हर्नियर. राजिवड्यात घर. आजोबा गलबतं बांधत, वडील तांडेल होते, आणि हे स्वतः बारा वर्षं बहारीनला टगबोटीवर फिटर होते. वडील गेल्यावर परत आले ते कायमचे. संस्थेत प्राचार्य सोडून बाकी सगळ्यांना ते 'तू' म्हणत. मलाही पहिल्याच दिवशी म्हणाले, "कदम, तू रेघ बरी मारतोस. पण आधी वस्तू हातात घे. न धरलेल्या वस्तूची रेघ खोटी."

'खोटं' हा त्यांचा सगळ्यात घाणेरडा शब्द होता. शिवी देताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. हललेला स्क्रू खोटा, पाणी घातलेलं दूध खोटं, न शिकवता भरलेलं हजेरीपुस्तक खोटं. कुणी विनाकारण गोड बोलायला लागला की ते सरळ उठून हात धुवायला जात.

होडीचं मला बरंच उशिरा कळलं. एका रविवारी विसरलेली छत्री आणायला संस्थेत गेलो, तर मागच्या, आग विझवायच्या पाण्याच्या हौदावर मास्तर लुंगीत उभे. गळ्यात पट्ट्याने अडकवलेला रिमोट, आणि हौदात चार फुटांची एक होडी. जुन्या आगबोटीच्या चित्रात असतात तशी दोन्ही बाजूंना पात्यांची दोन चाकं. चाकं पाणी कापत होती, चपचप आवाज येत होता, आणि होडी हौदाच्या कोपऱ्यात जाऊन जागच्या जागी गर्रकन फिरली. पुढे नाही, मागे नाही, भोवऱ्यासारखी.

मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो.

"सुकाणू कुठाय?" मी विचारलं.

"नाय."

"मग वळते कशी?"

त्यांनी पट्टा माझ्या गळ्यात घातला. रिमोट बहारीनच्या एका गोऱ्या इंजिनियरने जाताना दिलेला. त्याला दोन दांड्या. डावी दांडी डाव्या चाकाची, उजवी उजव्या चाकाची. पुढे ढकलली की चाक पुढे, मागे ओढली की उलटं. होडीच्या आत भंगारातून आणलेल्या, मोटारीच्या काचेवरच्या वायपरच्या दोन मोटरी, प्रत्येक चाकाला आपली एक. मधे कसलाही जोड नाही.

हौदाच्या मध्यावर त्यांनी एक नारळ टाकला. "ह्याला वळसा घालून आण."

मी दोन्ही दांड्या एकदम ढकलल्या. होडी सरळ जायच्या ऐवजी उजवीकडे सरकत गेली. घाबरून डावी दांडी ओढली, तर तिने गिरकी घेतली आणि नारळावर जाऊन आपटली.

"सायकल नाय ती," मास्तर म्हणाले. "बैलजोडी हाय. एक बैल जरा जोराचा, एक जरा आळशी. दोन मोटरी कधी सारख्या नसतात. सरळ जाणंच कठीण, वळणं काय, कोण पण वळतो."

मग त्यांनी शिकवलं. नुसता कान द्यायचा. दोन्ही चाकांची चपचप एका लयीत आली की होडी सरळ. डावीकडे वळायचं तर डावं चाक थोडं मंद करायचं, झटक्याने नाही. झटका दिला की होडी कलते, एक चाक खोल बुडतं, दुसरं वाऱ्यावर फडफडतं, आणि मग तुमचं काही चालत नाही. ते कलणं कमी व्हावं म्हणून त्यांनी तळाला मासेमारीच्या जाळ्याची शिसं ओळीने बसवली होती. आणि अगदीच अडचणीत सापडलात तर एक चाक पुढे, एक मागे. होडी स्वतःच्या लांबीत फिरते.

तीन रविवार लागले मला नारळाला वळसा घालायला. तेव्हा त्यांच्या बायकोने, सकीनाभाभींनी, डब्यातून पाठवलेलं सांदण त्यांनी माझ्यापुढे सरकवलं. शाबासकी दिली नाही.

ह्या होडीची बातमी प्राचार्यांपर्यंत गेलीच. वार्षिक समारंभाला एक बडे पाहुणे आले होते, त्यांना हौदावर आणलं. मास्तर नाखुशीने होडी चालवत होते. पाहुण्यांनी बघता बघता तोंडातला गुटख्याचा तोबरा हौदात टाकला. पाण्यावर लाल तवंग पसरला. सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांनी न पाहिल्यासारखं केलं. मीही.

मास्तरांनी होडी थांबवली. मग हळूच कडेकडेने आणत पाहुण्यांच्या पुढ्यातच काठाला टेकवली, बाहेरच्या चाकाने तिला तिथेच दाबून धरलं आणि आतलं चाक पूर्ण वेगाने उलटं सोडलं. पात्यांनी तोच लाल फवारा उचलला आणि पांढऱ्याशुभ्र पँटीवर गुडघ्यापर्यंत मारला.

"अरेरे," मास्तर म्हणाले. "तुमचंच होतं, तुम्हाला परत गेलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हौद रिकामा करून काथ्याने घासला. दोन बाजू त्यांनी, दोन बाजू मी.

सुर्वे नावाचे गृहस्थ त्या समारंभाला हजर होते. शहराबाहेरच्या एका खाडीत ते पर्यटकांसाठी लाँच चालवत. त्यांच्या डोक्यात चाकाची होडी भरली. आठवड्यात ते मास्तरांच्या घरी आले. "मास्तर, आपण खरी बांधू. तीस माणसं बसतील अशी. अख्ख्या कोकणात नसेल."

मी होडेकरांना खुलून हसताना पाहिलं ते त्या दिवसांतच. रोज संध्याकाळी वर्कशॉपमधे आम्ही बसत असू. ते बोलत, मी रेघा मारत असे. दोन इंजिनं, दोन वेगळे दांडे, प्रत्येक चाकाला आपला गिअर, चाकांना पुढून जाळीचा पिंजरा. त्या पिंजऱ्यासाठी त्यांनी मला तीन वेळा कागद बदलायला लावला. "खाडीत बाया शिंपल्यांतले मुळे काढतात, कदम. होडकी असतात. चाकाला डोळे नसतात." शेवटच्या कागदावर मी खाली कोपऱ्यात त्यांचं नाव घातलं, त्याखाली माझं.

सहा महिन्यांनी होडी पाण्यात उतरायच्या आधी आम्ही बघायला गेलो. रंगीबेरंगी पताका, मोराचं तोंड, पिवळी चाकं. मास्तर आत वाकले आणि तसेच थिजले. जुन्या पंपाचं एकच डिझेल इंजिन. आडवा एकच दांडा आणि त्याला दोन्ही चाकं घट्ट बसवलेली. मागे फळीचं सुकाणू. पिंजरा नाहीच.

"ही वळायची नाय," मास्तर म्हणाले.

"सुकाणू आहे की," सुर्वे म्हणाले.

"मागच्या पंख्याची बोट असली की पंखा पाणी सुकाणूवर मारतो. ही चाकं कुशीला. सुकाणूवर पाणी येणार कुठून? जोरात असेल तोवर वळेल थोडी. हळू झाली की ओंडका."

"मास्तर, लोकांना चाकं फिरताना दिसली म्हणजे झालं. फोटो काढतील, जातील." सुर्वे हसले आणि मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. मास्तरांनी तो हात उचलून बाजूला केला, जसं आपण अंगावरचं झुरळ उडवतो.

परत निघताना त्यांचं लक्ष होडीच्या पाटीवर गेलं. 'रचना: होडेकर मास्तर.' त्यांनी तिथल्याच डब्यातलं रॉकेल बोळ्यावर घेतलं आणि नाव पुसून काढलं. रंगारी ओरडला, पण ते थांबले नाहीत. महिन्याभराने मी पाहिलं, नाव पुन्हा रंगवलं होतं. आधीपेक्षा मोठं.

होडी थांबवा म्हणून मास्तरांनी बंदराच्या कचेरीत दोन अर्ज दिले. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत व्हायचं ते झालं. ओहोटीची वेळ. होडी पर्यटकांनी भरलेली. धक्क्याला लावायची म्हणून वेग कमी केला आणि पाण्याने तिला आडवं ओढलं. खाली शेवंती नावाची बाई आपल्या होडक्यात मुळ्यांची पाटी घेऊन बसली होती. ती ओरडली, होडीवरचे लोकही ओरडले. सुकाणू शेवटपर्यंत वळवलेलं होतं आणि होडी सरळ येत होती. चाकाने होडकं खाली घेतलं. शेवंतीचा उजवा हात कोपरापासून गेला.

खबर आली तसे मी आणि मास्तर स्कूटरवरून गेलो. तिला इस्पितळात नेलं होतं. होडी धक्क्याला बांधलेली. पिवळ्या पात्यात हिरव्या बांगडीचा तुकडा रुतलेला होता, आणि त्याला जे चिकटलं होतं ते मी इथे लिहीत नाही. एक माणूस बादलीने त्यावर पाणी मारत होता. शेजारी दोघे पर्यटक तिकिटाचे पैसे परत मागत होते. मी कठड्याशी जाऊन ओकलो. मास्तर ओकले नाहीत. ते त्या बादलीवाल्याकडे बघत राहिले.

आठव्या दिवशी होडी चाकांना झेंडूचे हार घालून पुन्हा सुरू झाली.

चौकशी लागली. कचेरीतून संस्थेला पत्र आलं की होडीचा तांत्रिक अहवाल द्या. चौघांची समिती नेमली गेली. प्राचार्य, बाहेरचे एक इंजिनियर, होडेकर आणि मी. पहिल्याच बैठकीत कळलं की अहवाल काय असावा हे आधीच ठरलेलं आहे. रचना योग्य, प्रवाह अचानक वाढला, बाई मार्गात आली.

मास्तर म्हणाले, "हौदावर चला."

सगळे गेले. त्यांनी आपल्या छोट्या होडीची दोन्ही चाकं एका सळईने जोडली होती आणि मागे फळीचं सुकाणू बसवून रिमोटची उजवी दांडी त्याला जोडली होती. एका टोकाला नळी सोडून पाण्याला ओढ दिली. नारळ मध्यावर तरंगत ठेवला. रिमोट इंजिनियरसाहेबांच्या हातात दिला. "वेग कमी करा आणि ह्याला चुकवा."

साहेबांनी चार वेळा प्रयत्न केला. चारही वेळा होडी नारळावर गेली. प्राचार्यांनी दोनदा केला. मग मास्तरांनी सळई काढली, सुकाणूही काढून बाजूला ठेवलं, दांडी पुन्हा चाकाला जोडली, आणि एकदाच, अगदी सावकाश, होडी नारळापाशी नेऊन बोटभर अंतरावर थांबवली. एक चाक पुढे, एक मागे. होडी फिरली आणि परत आली. नारळ हललासुद्धा नाही.

 मला वाटलं, झालं, आता प्रश्नच उरला नाही.

मग इंजिनियरसाहेब हात पुसत म्हणाले, "छान खेळणं आहे हो. माझ्या नातवाला आवडेल." आणि सगळे हसले, कारण चहा आला होता.

टाइप केलेला अहवाल चार दिवसांनी सहीला आला. मास्तरांनी वाचला, पेनाचं टोपण लावलं आणि कागद टेबलावरून ढकलून दिला. प्राचार्यांनी मला एकट्याला आत बोलावलं. माझी बायको चिपळूणला शाळेत शिकवत होती, धाकटी अजून पाळण्यात, आणि बदलीचा माझा अर्ज दोन वर्षं पडून होता. प्राचार्यांनी धमकी दिली नाही. तो अर्ज फक्त अहवालाच्या शेजारी ठेवला आणि म्हणाले, "तुमचंही नाव आहे त्या ड्रॉइंगवर, कदम. विचार करा."

मी विचार केला नाही. सही केली. विचार केला असता तर कदाचित केली नसती, म्हणून केला नाही. तीन सह्या पुरेशा होत्या.

बाहेर आलो तर मास्तर व्हरांड्यात उभे. माझ्या बोटाला शाई लागली होती. त्यांनी ती पाहिली आणि म्हणाले, "तुम्ही हात धुवा." पाच वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हटलं. त्यापुढे ते माझ्याशी कामापुरतं बोलले आणि प्रत्येक वाक्यात तो आदर असे. शिवी बरी वाटली असती. दोन महिन्यांत माझी चिपळूणला बदली झाली.

शेवंतीच्या भावाने कोर्टात दावा लावला होता, त्यात मास्तर तिच्या बाजूने साक्षीदार. ते तारखांना जात, हौदातली छोटी होडी चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन रिक्षाने. तारीख पडली की तशीच परत आणत. तिसऱ्या वर्षी मला समन्स आलं.

कोर्टात ते पुढच्या बाकावर बसले होते. दाढीतली मेंदी उतरून पांढरं दिसत होतं. शेवंतीच्या वकिलांनी माझ्या हातात अहवाल दिला.

"ही सही तुमची?"

"हो."

"तुम्ही ही होडी कधी चालवून पाहिली?"

"नाही."

"तिच्या छोट्या नमुन्यावर तुमच्या समोर प्रयोग झाला होता?"

"हो."

"त्यात काय दिसलं?"

मी मास्तरांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"होडी वळली नाही," मी म्हणालो. "चाकं जोडलेली होती, तेव्हा एकदाही वळली नाही."

"मग अहवालात उलट का लिहिलंत?"

मी अहवाल पालथा करून कठड्यावर ठेवला. न्यायाधीशांनी दोनदा विचारलं. मागे कुणीतरी 'छी' असं म्हणालं, हळू, पण कोर्टात सगळं ऐकू येतं.

दावा शेवंतीच्या बाजूने लागला. सुर्व्यांची होडी भंगारात गेली. प्राचार्य तोवर सन्मानाने निवृत्त झाले होते. सत्काराच्या फोटोत इंजिनियरसाहेबही होते. मास्तरांनी निवृत्तीच्या दिवशी निरोप समारंभ नको म्हणून लिहून दिलं, असं मागाहून कळलं. मी खरं बोललो ना शेवटी, असं मी बायकोला पुष्कळदा म्हणत असे. ती ऐकून घेई आणि भाजी चिरत राही.

त्यानंतर वर्षभराने एका लग्नासाठी रत्नागिरीला आलो. राजिवड्यात गेलो. सकीनाभाभींनी दारातच सांगितलं, "ते खाडीवर गेलेत. शेवंतीकडे." आत बोलावलं नाही.

ओहोटी संपून पाणी भरायला लागलं होतं. मास्तर गुडघाभर चिखलात उभे होते, लुंगी वर खोचलेली. समोर एक होडकं. कुरूप. कडेला पत्र्याची दोन चाकं, बसायच्या फळीखाली ट्रकची बॅटरी, आणि पुढ्यात एकच दांडी, स्कूटरच्या हँडलएवढ्या मुठीची. एका हाताने वल्हं मारलं तर होडकं गोल फिरत राहतं. म्हणून त्यांनी दोन्ही चाकं एका दांडीत आणली होती. पुढे ढकलली की दोन्ही पुढे. डावीकडे झुकवली की डावं मंद, उजवं जोरात. पार आडवी केली की एक पुढे, एक मागे. दोन्ही चाकांना पुढून जाळीचे पिंजरे होते.

शेवंती फळीवर बसली होती. लुगड्याचा पदर उजव्या खांद्यावरून घट्ट गुंडाळलेला, डावा हात दांडीवर.

"मास्तर, हेचा आवाज केवढा! मुळेपण पळतील."

"मुळ्यांना पाय नाय. तू दांडी हळू धर. झटका नको देऊ."

चाकात प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकत होत्या. मास्तर दर फेरीला वाकून त्या ओढून काढत, कुणाचं तरी कुजकं खरकटं भरलेल्या, आणि बाजूला एका पोत्यात टाकत. हात कोपरापर्यंत काळे झाले होते. मी काठावरून चिखलात उतरलो. बूट काढायचे भान राहिलं नाही. त्यांच्याजवळ जाऊन मी म्हणालो, "मास्तर, मी कदम."

त्यांनी वळून पाहिलं. ओळखलं. राग नव्हता चेहऱ्यावर. राग असता तर मला काही बोलता आलं असतं.

"मला तुमच्याशी—"

"कदम," ते म्हणाले, "तुम्ही जरा बाजूला व्हा. तिला वळायला जागा लागते."

मी बाजूला झालो. बूट चिखलात रुतत होते, तसाच मागे मागे सरकत गेलो. शेवंतीने दांडी आडवी केली. होडकं थबकलं, एक चाक उलटं फिरायला लागलं, आणि ते सबंध धूड तिच्यासकट जागच्या जागी वळलं. तिने माझ्याकडे पाहिलं, कोण म्हणून विचारलं नाही, आणि भरतीच्या पाण्यात निघाली. मास्तर माझ्याकडे पाठ करून उभे होते. मान एका बाजूला कलती होती. ते कान देऊन दोन चाकांचा आवाज ऐकत होते.